काखेतली सोनोग्राफी आणि शस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगात सोनोग्राफीत काख स्वच्छ दिसली तर तिथे सुरी लावायचीच कशाला, हा प्रश्न रास्त आहे. काही जणींच्या बाबतीत उत्तर खरंच 'नको' असं आलंय. 'साउंड' चाचणीत (निष्कर्ष २०२३) २ सेंटिमीटरपर्यंतची गाठ आणि सोनोग्राफीत निर्दोष काख असलेल्या स्त्रियांचे दोन गट केले. एका गटात सेंटिनल लसिकाग्रंथी (कर्करोग स्तनातून पसरताना सगळ्यात आधी जिथे पोहोचतो ती काखेतली ग्रंथी) काढून तपासली, दुसऱ्यात काखेला हातच लावला नाही. ५ वर्षांनी आजार शरीरात दूरवर न पसरता जगण्याचं प्रमाण ९७.७ आणि ९८ टक्के. फरक नाहीच म्हणा ना!

गंमत म्हणजे काखेची शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी सुमारे १४ टक्के जणींच्या ग्रंथीत कर्करोग सापडला होता, जो सोनोग्राफीला दिसलाच नव्हता. निरोगी ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी दिसते: बाहेर पातळ काळसर साल, आत पांढरी चरबी. साल ३ मिलिमीटरहून जाड झाली किंवा आतला पांढरा भाग दिसेनासा झाला की संशय, आणि मग सोनोग्राफीत बघतच सुई घालून नमुना घेतात. कर्करोगाच्या पेशींचं बारीकसं बेट मात्र निसटतं. तपासणाऱ्याचा सरावही मोजावाच लागतो.

म्हणून हा निकाल सरसकट लावू नये. त्या चाचणीतल्या बहुतेकींचा ट्यूमर हार्मोनला प्रतिसाद देणारा होता, स्तन वाचवणारी शस्त्रक्रिया आणि पुढे रेडिएशन ठरलेलं होतं. शस्त्रक्रियेआधी केमो दिलेल्यांचा हिशेब निराळा. शिवाय ग्रंथीचा रिपोर्ट पुढची औषधं ठरवायला लागणार असेल, तर डॉक्टर ती काढायला सांगतील, आणि ते गैर नाही.