उत्तर: गावच्या शेडमधला सब-डीबी, ११० ची बाजू अर्थ करायची की नाही?

प्रेषक: आर्वीचा भाऊ
मंडळी, नमस्कार. अमेरिकेतून पाठवलेल्या सामानाचा कंटेनर नागपुरात आलाय आणि वायरमन शनिवारी येतोय, म्हणून घाई. घरातून शेडपर्यंत ६ चौरस मिमीची तांब्याची केबल ओढून झाली, सब-डीबीही (शेडपुरता वेगळा छोटा वीजवाटप बोर्ड) बसला. २३० च्या मशीनचं काही नाही. अडलंय ते राउटर (लाकडात खाचा पाडायचं यंत्र), हातातली सर्क्युलर सॉ आणि बाबांना हवी असलेली ड्रिल प्रेस यांवर. तिन्ही अमेरिकेतली, ११०-१२० व्होल्टची. २३० चे ११० करायला ३ केव्हीएचा आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर (ज्यात दोन बाजूंच्या तारा एकमेकींना जोडलेल्या नसतात) बनवून घेतोय. वायरमन म्हणतो, "भाऊ, त्या बाजूले अर्थिंग जोडूच नका, मोकळी राहू द्या, शॉकच नाही लागत." मला पटत नाही. कोणी केलंय?

प्रेषक: लायटिंगवाले काका, डॅलस
वायरमनचं बरोबर आहे. एका वेळी एकच हत्यार लावणार असाल तर मोकळी बाजू सुरक्षित. इथे सब-पॅनलमध्ये न्यूट्रल आणि ग्राउंड वेगळे ठेवतो, तिथेही तसंच ठेवा, म्हणजे गोंधळ नाही. आणि दुसरं म्हणजे, हॉलमधला गणपतीच्या रोषणाईचा डिमर बोर्ड (दिवे मंद-तेज करायचा) कोणीतरी हलवलाय. तो बोर्ड मी बघतो, मला विचारल्याशिवाय हात लावू नये.

प्रेषक: ताई, ह्यूस्टन
ड्रिल प्रेसचं काय? राउटर आणि सॉ ब्रशच्या मोटरवर, त्यांना भारतातल्या ५० हर्ट्झचं सोयरसुतक नाही. ड्रिल प्रेसची मोटर इंडक्शन आहे. अमेरिकेतल्या ६० वर मिनिटाला १७२५ फेरे घेते, ५० वर जेमतेम १४४० घेईल आणि पूर्ण १२० व्होल्ट दिले तर तापेल. शेडवर टिनाचं छत, त्यात मे महिन्यातलं आर्वीचं ऊन. ट्रान्सफॉर्मरला १०० व्होल्टचा टॅप (गुंडाळीतून काढलेली वेगळी जोडणी) काढून घ्या. नाही तर सरळ तिथली, भारतातली सिंगल फेज मोटर बसवा, पुली तीच राहू द्या. मी तर तेच करीन.

प्रेषक: लायटिंगवाले काका, डॅलस
मोटर बदलायची तर मग शेतातल्या पंपाच्या तीन फेजवरच घ्या ना.

प्रेषक: ताई, ह्यूस्टन
नको हो काका! कृषी जोडणीवर दुसरं काही चालवलं की वीज कायद्याचं कलम १२६ लागतं, दुप्पट दराने आकारणी होते. शिवाय शेतीच्या फीडरला (शेतीसाठीच्या वेगळ्या लाइनला) वीज असते ती ठरलेल्या तासांपुरती.

प्रेषक: अकोल्याचा दादा, आता टोरांटो
मूळ प्रश्नाकडे येतो. मी आधी इंग्लंडात बांधकामाच्या साइटवर होतो. तिथे ११० ची सगळी हत्यारं मध्यभागी अर्थ केलेल्या (११० च्या गुंडाळीचा मध्य अर्थिंगला जोडलेल्या) ट्रान्सफॉर्मरवर चालतात, म्हणजे कोणत्याही तारेपासून जमिनीला फक्त ५५ व्होल्ट. सॉकेट पिवळं, २३० चं निळं. पिवळ्याची पिन निळ्यात जातच नाही, त्यामुळे चुकून २३० वर लागायची भीती नाही. भाऊ, तेच करा.

काकांचा मुद्दा एका हत्यारापुरता खरा आहे. पण शेडमध्ये बाबा सॉ चालवणार आणि तुम्ही राउटर. मोकळ्या बाजूवर पहिला दोष (आतली तार हत्याराच्या अंगाला टेकणं) कोणाला कळत नाही, कारण काहीच ट्रिप होत नाही. दुसऱ्या हत्यारात दुसऱ्या तारेचा दोष आला की दोघांच्या हातात मिळून पूर्ण ११० व्होल्ट. आणि मेनचा आरसीसीबी (जमिनीकडे करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हे बघणार नाही. ट्रान्सफॉर्मरपलीकडचा करंट त्याच्या हिशोबात येतच नाही. ११० च्या बाजूला वेगळा ३० मिलिअँपचा आरसीसीबी आणि दोन पोलचा, म्हणजे दोन्ही तारा तोडणारा एमसीबी (जास्त करंट गेला की उडणारा स्विच) लावा, कारण तिथे दोन्ही तारांत वीज असते.

२३० च्या बाजूलाही नुसत्या एमसीबीच्या भरवशावर राहू नका, आरसीसीबी तिथेही हवा. आपली काळी माती उन्हाळ्यात भेगाळते, अर्थिंग १० ओहमवर गेलं तर दोषाचा करंट २३ अँपिअर. ३२ चा एमसीबी तेवढ्यावर उडणारच नाही, मशीनच्या अंगात वीज तशीच राहील. खड्ड्यात पाणी टाकत राहा.

प्रेषक: लायटिंगवाले काका, डॅलस
२३० च्या आरसीसीबीचं टेस्ट बटण ११० वर चालेलच असं नाही. त्यामुळे बटणावर विसंबू नका, मीटरने तपासून घ्या. बाकी दादाचं मान्य. पण डिमर बोर्डाचं कोणी बोललं नाही.

प्रेषक: आर्वीचा भाऊ
बनवणाऱ्याला फोन केला. ५५-०-५५ करून देतो, १०० चा टॅपही काढतो म्हणाला. पिवळी सॉकेट नागपूरहून मागवतो. वायरमनला शनिवारी दादाचं उत्तर वाचून दाखवीन. काका, बोर्ड स्टोअररूममध्ये आहे, चावी ताईंकडे.