रिपोर्टात ‘फॉल्ट निष्क्रिय’ असं लिहू द्यावं का?

चरईकर
आमच्या सोसायटीचं रीडेव्हलपमेंट घाटतंय. सल्लागाराच्या रिपोर्टात एक ओळ आहे: ‘परिसरातील सर्व फॉल्ट निष्क्रिय आहेत.’ फॉल्ट म्हणजे खडकातली अशी भेग, जिच्या दोन बाजू एकमेकींवरून सरकतात. सभेत विचारलं, कशावरून? तर म्हणे, शंभर वर्षांत इथे काही झालेलं नाही.

माझं म्हणणं, ही ओळ लिहू देऊ नये. खंडाच्या आतल्या भागातला फॉल्ट दोन भूकंपांच्या मध्ये हजारो वर्षं गप्प बसू शकतो. तिथे शंभर वर्षांच्या शांततेला काय किंमत? 30 सप्टेंबर 1993 ला किल्लारी हादरली, तेव्हा भूकंपाच्या नकाशात ती झोन 1 मध्ये, म्हणजे सगळ्यात निर्धोक खान्यात होती.

आणि ठाण्यात हे तपासणार कसं? फॉल्ट शेवटचा कधी सरकला हे ठरवायचं तर त्याच्यावर कोवळे थर हवेत. आडवा चर खणतात, कुठला थर तुटलाय आणि कुठला अखंड आहे ते बघतात, मग त्यात सापडलेल्या कोळशाचं वय काढतात. कार्बनची ही पद्धत जेमतेम 50,000 वर्षांपर्यंत चालते. आपल्याकडे खाली साधारण 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा बेसाल्ट, म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळा खडक, वर अगदी अलीकडची माती, आणि मधल्या काळाची नोंद जवळपास शून्य. बेसाल्ट तुटलेला दिसला तर तो या 6.6 कोटी वर्षांत कधीतरी तुटला, एवढंच कळतं. तेव्हा सरळ ‘ठरवता आलेलं नाही’ असं लिहा.

खारघर_सिव्हिल
काका, ‘ठरवता आलेलं नाही’ यावर कुठलीही बँक कर्ज देणार नाही. रेघ कुठेतरी मारावीच लागते. सॅन फर्नांडोच्या 1971 च्या भूकंपानंतर कॅलिफोर्नियाने 1972 मध्ये कायदा केला. त्यात गेल्या साधारण 11,700 वर्षांत सरकलेला फॉल्ट सक्रिय धरतात आणि त्याच्या डोक्यावर घर बांधू देत नाहीत. अमेरिकेतल्या अणुभट्ट्यांचा नियम आणखी कडक आहे: 35,000 वर्षांत एकदा किंवा 5 लाख वर्षांत पुन्हा पुन्हा सरकला असेल तर तो धोक्याचा. म्हणजे ‘सक्रिय’ हे बांधकामागणिक बदलणारं माप आहे.

बेसाल्टातून काहीच कळत नाही, हेही मला पटत नाही. आपल्याकडच्या भेगांत झिओलाइट, कॅल्साइट ही खनिजं भरलेली असतात. फॉल्टच्या घसरपट्टीवर आरपार गेलेली अशी शीर कुठेही तुटलेली नसेल, तर ती भरल्यापासून फॉल्ट हललेला नाही. दारावरचं कोळ्याचं जाळं शाबूत असेल तर दार उघडलेलं नसतं, इतकं ते सोपं आहे. कोवळे थर नसले तरी चालतं.

घोडबंदर_रोजचाच
झालं! आता हा धागा फॅमिली ग्रुपवर फिरणार, ‘ठाण्याखाली भूकंपाची दरड’ म्हणून. इकडे ट्रॅफिकमध्ये जीव जातोय, फॉल्ट कसले शोधताय?

तानसाकाठची
मी भूगर्भशास्त्र शिकवते, दोघांशीही थोडं भांडते.

सिव्हिलदादा, शिरेचा मुद्दा बरोबर आहे, पण ती शीर डोळ्यांना दिसायला हवी ना? डोंगर फोडला तिथे दिसेल. ठाण्याच्या खाडीखालून फॉल्ट जातो असं बरेच जण मानतात. तिथे वर चिखल आणि पाणी. बरं, एका भेगेची शीर शाबूत निघाली म्हणून रिपोर्टात ‘सर्व फॉल्ट’ कुठून आलं?

चरईकर काका, तुमच्याही बाजूने अतिरेक होतोच. उपग्रहाच्या चित्रावर सरळ रेघ दिसली की लोक फॉल्ट म्हणून मोकळे होतात. आपल्या भागात असल्या कितीतरी रेघा डाइक निघतात, म्हणजे भेगेत घुसून थिजलेला लाव्हा. वज्रेश्वरी-गणेशपुरीच्या गरम कुंडांचंही तेच. पाणी खोल जाऊन तापून वर येतं, म्हणजे भेग मोकळी आहे. ती सरकते आहे असा त्याचा अर्थ होत नाही. माझे विद्यार्थी दर वर्षी इथेच घसरतात.

मला खरी अडचण वेगळी वाटते. जुना फॉल्ट पुन्हा जागा होऊ शकतो. कोयनेला धरण भरल्यावर धक्के सुरू झाले आणि डिसेंबर 1967 मध्ये 6.3 चा भूकंप झाला. आपल्या शहापूरच्या भातसा धरणाच्या परिसरातही 1983 मध्ये धक्क्यांची मालिका झाली. डहाणू-तलासरीकडे नोव्हेंबर 2018 पासून जमीन थरथरत होती, तिथे कुठलं नवं मोठं धरण होतं? ‘निष्क्रिय’ म्हणजे आजवरच्या पुराव्यात हालचाल दिसली नाही, इतकंच. पुढची हमी त्यात नसते.

खारघर_सिव्हिल
ताई, मान्य. पण मग इंजिनिअरने करायचं काय? आयएस 1893 ही भूकंप धरून डिझाइन करायची भारतीय संहिता. तिच्या 2016 च्या आवृत्तीत ठाणे झोन 3 मध्ये आहे, हादऱ्याचा जोर धरायचा गुणांक 0.16. जवळचा फॉल्ट झोपलाय की जागा, हे न विचारताच तेवढा जोर धरून डिझाइन करायचं. त्या ओळीमुळे सळईचा एक तुकडा इकडचा तिकडे होत नाही.

चरईकर
मग ती ओळ आहे कशाला? डिझाइनला नको, पुरावा नाही, तरी छापायची! लोक ती वाचतात आणि माती तपासायला खणायच्या बोअरच्या खर्चाला हात आखडतात. आमच्या सभेत तेच झालं. ‘फॉल्ट निष्क्रिय आहेत, मग बोअर कमी करा,’ असं एकाने म्हटलं आणि टाळ्या पडल्या.

खारघर_सिव्हिल
बोअरवर काटकसर करणाऱ्याला माझा पाठिंबा नाही. त्याच संहितेत एक सेकंद आवर्तनकाळाच्या, म्हणजे एका हेलकाव्याला एक सेकंद घेणाऱ्या इमारतीला मऊ मातीवर दगडाच्या 1.67 पट जोर धरायला सांगितलाय. इकडे नवी मुंबईत खाडी बुजवून केलेल्या भरावावर टॉवर उभे आहेत, त्यामुळे मला मातीची धास्ती फॉल्टपेक्षा जास्त वाटते. तरी ‘ठरवता आलेलं नाही’ मला चालणार नाही. काय पाहिलं, कुठवर पाहिलं आणि काय दिसलं नाही, ते लिहा.

तानसाकाठची
हे बरं आहे. फक्त ‘कुठवर’मध्ये खोली आणि काळ दोन्ही आले पाहिजेत. ‘अमुक मीटरपर्यंतच्या बोअरमध्ये तुटलेला थर आढळला नाही, थराचं वय काढलेलं नाही’ एवढं स्पष्ट.

घोडबंदर_रोजचाच
एवढं मोठं वाक्य सभेत वाचणार कोण?

चरईकर
मी वाचेन. रविवारी सभा आहे, पण सल्लागार येणार नाहीत म्हणे.