सेफ्टी शूजचा तळ वर्षाच्या आत जातो. टिकाऊ लेदरचे बूट घेताना नेमकं काय बघायचं?

लेथवाला

नमस्कार मंडळी. मशीन शॉपमध्ये रोज १० तास उभ्याने काम. जमिनीवर कूलंट (मशीन थंड ठेवणारं द्रव) सांडलेलं असतं, धातूच्या चिप पडलेल्या असतात. आठवड्यातून दोन-तीनदा गॅस कटिंग आणि वेल्डिंगही करावं लागतं, तेही उकिडवं बसून. जाणं-येणं मोटरसायकलवर, भर पावसातसुद्धा. स्टील टोचे (बोटांवर पोलादी वाटी असलेले) हजार-दीड हजाराचे बूट ८-१० महिन्यांत निकामी होतात. वरचं लेदर बरं असतं, पण तळ मधोमध आडवा चिरतो, नाहीतर पुढून जबडा उघडतो.

जास्त पैसे घालायची तयारी आहे. पण जाड लेदर बघून घ्यावेत, शिलाईचे घ्यावेत की तळ बघून घ्यावेत? आणि ४-५ वर्षं टिकणारे बूट या कामात मिळतात का?

टूलरूम

दादा, उत्तर तुमच्याच प्रश्नात आहे. वरचं लेदर बरं राहतंय आणि तळ जातोय, मग अजून जाड लेदर घेऊन काय मिळणार? तुमचा बूट तळावर मरतोय. पैसे तळावर घाला.

बाजारातले बहुतेक सेफ्टी शूज पीयूच्या (पॉलियुरेथेनच्या) तळाचे असतात. साच्यात बूट धरून खाली पीयूचा फेस ओततात, तो फुलतो आणि लेदरला थेट चिकटतो. ‘डबल डेन्सिटी’ म्हणजे खालचा थर दाट आणि वरचा मऊ. पायाला हलके आणि आरामशीर, यात वाद नाही. पण हा पीयू बहुतेक वेळा पॉलिएस्टर जातीचा असतो. हवेतली वाफ, घाम आणि पाणी त्याची रासायनिक साखळी हळूहळू तोडतात. उष्णता असली की वेग वाढतो आणि अल्कली असली की आणखी. कूलंटचा पीएच साधारण ८.५ ते ९.५ असतो, म्हणजे तुमचा तळ रोज सौम्य अल्कलीत भिजतोय. त्यात उकिडवं बसलं की चवड्याखाली तळ पूर्ण दुमडतो. कमकुवत झालेला फेस तिथेच आडवा चिरणार.

म्हणून तुमच्यासाठी नायट्राइल रबरचा तळ. तेल, कूलंट आणि गरम चिप या तिन्हींना तो पीयूपेक्षा चांगला तोंड देतो. बुटावर इंग्रजीत ‘एचआरओ’ (HRO) ही खूण आहे का बघा. तिचा अर्थ, ३०० अंश सेल्सिअसच्या पृष्ठभागावर ६० सेकंद ठेवूनही तळ वितळला किंवा तडकला नाही. वजन थोडं जास्त लागेल, ते सोसा.

एक फसगत टाळा. ‘पीयू-रबर’ म्हणून विकतात त्यात जमिनीला लागणारा थर रबराचा असला, तरी त्याच्यावर मधला थर पीयूचाच असतो, आणि तो बाजूने उघडा असतो. मधला थर कुजला की रबराची आख्खी लादी सुटून येते. घ्यायचाच तर अगदी ताज्या तारखेचा घ्या.

लेथवाला

ताज्या तारखेचा म्हणजे? बुटांना तारीख असते?

टूलरूम

असते, आणि ती न बघता बूट घेणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तळ उलटा करून टाचेजवळ किंवा मधल्या कमानीत बघा. घड्याळासारखं छोटं वर्तुळ कोरलेलं असतं: कडेने १ ते १२ आकडे, मध्ये वर्षाचे शेवटचे दोन अंक आणि एक बाण. बाण ज्या आकड्याकडे, तो महिना. कुठे हेच जिभेच्या आतल्या लेबलवर छापतात.

पीयू खोक्यातही म्हातारा होतो. कोंदट गोदामात तीन-चार वर्षं पडलेला कोरा करकरीत जोड पहिल्या आठवड्यात तुकडे होऊन पडू शकतो. तेव्हा ‘जुना स्टॉक, निम्म्या किमतीत’ ही पाटी दिसली की पुढे चला. सहा महिन्यांच्या आतला घ्यावा, वर्षाच्या वरचा पीयू हातात धरू नये. जुन्याची परीक्षा सोपी आहे. तळाच्या कडेला अंगठ्याचं नख दाबा. चांगला पीयू दबून परत वर येतो. कुजायला लागलेल्यावर नखाची खूण राहते, चिकट लागतं, आणि पुढे तर शिळ्या खारीसारखा भुगा पडतो.

याच कारणाने पीयूचे दोन-तीन जोड एकदम घेऊन माळ्यावर टाकू नका.

सुई-दोरा

दुरुस्तीच्या बाजूने थोडं लिहितो. लेदर अजिबात बघू नये असं कुणी समजू नका. फक्त जाडी बघणं चुकीचं. १.८ ते २.२ मिमी पुरे.

बघायचं ते लेदर कातड्याच्या कुठल्या थराचं आहे. वरचा थर म्हणजे ग्रेन, त्यात तंतू दाट विणलेले असतात. खालचा सोललेला थर म्हणजे स्प्लिट, तो मोकळ्या तंतूंचा. त्यावर पीयूचा पापुद्रा चढवून ग्रेनसारखा छाप मारतात. आपल्याकडे म्हशीच्या कातड्यावर दाणेदार ‘बार्टन’ छाप फार चालतो. तो छाप अस्सल ग्रेनवरही असतो आणि रंगवलेल्या स्प्लिटवरही, त्यामुळे छापावरून काही ठरत नाही. जिभेची किंवा घोट्याजवळची कापलेली, न दुमडलेली कड शोधा. अस्सल ग्रेनमध्ये तंतू वर जाताना दाट होत जातात आणि पृष्ठभाग त्यांच्यातूनच तयार झालेला दिसतो. स्प्लिटमध्ये कडेला वेगळी पातळ फिल्म दिसते, नखाने उचकटताही येते. दुसरी खूण म्हणजे चवड्यापाशी अंगठा दाबा. ग्रेनवर बारीक सुरकुत्या येऊन विरतात. फिल्म असलेलं लेदर सपाट वाकतं आणि जाड घडी पडते. सहा महिन्यांनी तडा त्याच घडीवर जातो.

शिलाईत टाके फार दाट नकोत. एका सेंटीमीटरमध्ये ३-४ टाके ठीक. त्याहून दाट असले की पोस्टाच्या तिकिटासारखी भोकांची रांग होते आणि लेदर तिथूनच फाटतं. पुढचा आणि बाजूचा तुकडा जिथे जुळतो तिथे निदान दोन रांगा हव्यात. जीभ दोन्ही बाजूंनी वरपर्यंत शिवलेली घ्या, म्हणजे चिप आत शिरत नाहीत.

आता शिलाईच्या तळाबद्दल. वेल्टेड बुटात लेदरच्या कडेने एक पट्टी फिरते, ती आधी वरच्या भागाला शिवतात आणि मग तळ त्या पट्टीला शिवतात. तळ झिजला की टाके उसवून नवा तळ बसवता येतो, लेदर आणि पट्टी नीट राहिली तर दोन-तीनदासुद्धा. बांधकाम, कोरडं फॅब्रिकेशन, गोदाम, शेती यांसाठी याच्यासारखा बूट नाही. पण तुमच्या जमिनीसाठी मी सुचवणार नाही. वेल्टेडच्या पोटात कॉर्कचा भराव आणि बरेचदा लेदरचा आतला तळ असतो. टाक्यांतून कूलंट आत गेलं की हा सगळा भाग भिजून बसतो, वास मारतो, आणि तो बदलणं म्हणजे जवळजवळ बूट नव्याने बांधणं.

खोट्या टाक्यांपासूनही सावध राहा. साच्यातल्या तळावर टाक्यांची नक्षी कोरलेली असते. नख फिरवा, दोरा वेगळा हाताला लागतो का बघा. मग आतलं पायताण (पायाखालची सुटी गादी) काढा. खाली कापडाचा तळ आणि कडेने गुंफलेली शिलाई दिसली तर तो ओतीव किंवा चिकटवलेल्या तळाचा बूट आहे, बाहेर कितीही टाके दिसोत.

वेल्ड_बीड

पीयूच्या बुटाचा जबडा उघडला तर बाजूने हाताची शिलाई मारून चालतं ना? आणि लेदरला एरंडेल तेल भरपूर चोपडलं की मऊ राहतं असं ऐकलंय.

सुई-दोरा

दोन्हीला नाही म्हणेन.

पीयूच्या फेसात आरीने भोक पाडून दोरा ओढला की चालताना तो दोरा फेस कापत जातो, वडीतून दोरा ओढावा तसा. वर प्रत्येक भोकातून पाणी आत. बाजूला उभी भिंत असलेल्या रबराच्या तळाला मात्र ही शिलाई छान धरते. पीयू सुटला असेल तर आधी सुटलेला पृष्ठभाग बघा. भुगा पडत असेल तर कुठलाच गोंद धरणार नाही, कारण गोंद वरच्या थराला धरतो आणि तो थरच सुटतोय. पृष्ठभाग घट्ट असेल तर तेल पूर्ण पुसा, ६० किंवा ८० नंबरच्या पॉलिश पेपरने दोन्ही बाजू खरखरीत करा, पीयूचा गोंद दोन्हीकडे पातळ लावून सुकू द्या, गरम हवेने चिकट करून दाबा आणि रात्रभर वजनाखाली ठेवा. कोपऱ्यावर मिळणारं नेहमीचं सोल्युशन रबर-लेदरला चांगलं, पीयूवर महिनाभरात सुटतं. स्टील टोच्या बुटात खिळा मात्र कधीच ठोकू देऊ नका. आत भेदरोधक पत्रा असला तर तो खिळ्याने बिघडतो.

एरंडेल थोडं चालतं, भरपूर नाही. लेदरने न शोषलेलं तेल वर चिकट राहतं, धातूचा चुरा धरून ठेवतं आणि तो चुरा घडीत पॉलिश पेपरसारखं काम करतो. जास्त तेलाने लेदर सैल पडून टाक्यांची भोकंही मोठी होतात. तीन-चार आठवड्यांतून एकदा, दोन्ही बुटांना मिळून अर्धा चमचा क्रीम किंवा मेणाचं पॉलिश पुरे. आधी ओल्या फडक्याने कूलंट पुसून, सुकवून, मग लावायचं.

पावसाळी

ओल्या बुटांबद्दल: ऊन, गॅस, भट्टीची बाजू, सायलेन्सर, हे सगळं वर्ज्य. ओलं लेदर तापलं की तंतू आक्रसतात आणि ते पुन्हा पूर्वीसारखे होत नाहीत. घरी आल्यावर पायताण बाहेर काढा, जीभ पुढे ओढा, वर्तमानपत्राचे बोळे भरा, तासाभराने बदला आणि रात्रभर पंख्याखाली ठेवा. व्हिनेगर आणि पाणी समप्रमाणात घेऊन पुसलं की बुरशी जाते. नंतर सुकवून क्रीम. प्लास्टिकच्या पिशवीत ठेवायचे नाहीत.

जून ते सप्टेंबर दोन जोड आलटून पालटून घाला. माळ्यावर साठवणं आणि आलटून पालटून वापरणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एका रात्रीत घोट्याची आतली गादी सुकत नाही, आणि ओली गादी रोज घातली की अस्तर आधी जातं.

टूलरूम

खूण बघायची राहिली. आपल्याकडे सेफ्टी शूजसाठी आयएस १५२९८ हे मानक. भाग २ मध्ये टोच्या वाटीला २०० ज्यूलचा आघात आणि १५ किलोन्यूटनचा दाब सोसावा लागतो. भाग ३ मध्ये १०० ज्यूल आणि १० किलोन्यूटन. भाग ४ च्या बुटांना टोचं संरक्षणच नसतं. तिघांवरही आयएसआय खूण असू शकते, म्हणून भाग वाचा. खुणेखालचा ‘सीएम/एल’ (CM/L) क्रमांक भारतीय मानक ब्युरोच्या बीआयएस केअर अ‍ॅपमध्ये टाकला की परवाना खरा की खोटा ते कळतं.

अँटिस्टॅटिक म्हणजे विजेपासून संरक्षण, असंही समजू नका. तो बूट अंगावरचा स्थिर भार जमिनीत सोडण्यासाठी असतो, म्हणजे थोडी वीज वाहूच देतो. चालू लाइनवर काम असेल तर विद्युतरोधक बूट वेगळे.

आणि टोवर जड वस्तू आदळली असेल तर वरून काही दिसलं नाही तरी तो जोड टाकून द्यायचा. आतली वाटी दबली असेल तर पुढच्या वेळी ती बोटांवरच बसेल.

लेथवाला

खूप माहिती मिळाली. माझा पाय रुंद आहे. स्टील टो सैल होतो का? डाव्या बुटावर गिअरच्या जागी लेदर घासून स्टील दिसायला लागतं, त्याला काय करावं?

टूलरूम

लेदर सैल होतं, स्टील होत नाही. रुंद पायाला नंबर वाढवून घेऊ नका, रुंद साच्याचा बूट मागा. नंबर वाढवला की बूट वाकायची जागा तुमच्या चवड्याच्या पुढे जाते, टाच उचलते आणि तळ चुकीच्या ठिकाणी दुमडतो. संध्याकाळी, कामाचे मोजे घालून बघा. सर्वांत लांब बोटापुढे १० ते १२ मिमी जागा हवी. मग दुकानातच दोन मिनिटं उकिडवं बसा. वाटीची मागची कड बोटांच्या सांध्यावर टोचली तर तो बूट नको, ती रोज टोचणार आणि आतून अस्तरही कापणार. कडेला आतून रबराची मऊ पट्टी लावलेली असते, हाताने चाचपा.

सुई-दोरा

गिअरसाठी: लिव्हरच्या टोकाला रबर आहे का बघा. ते झिजून धातू उघडा पडला असेल तर आधी ते बदला. बुटावर नवा असतानाच १.५ मिमी लेदरचा तुकडा लावून घ्या. कडा रापीने तासून पातळ केलेल्या हव्यात, नाहीतर लिव्हर त्यातच अडकतो. वाटीवर टाके घालता येत नाहीत, त्यामुळे तो नुसता चिकटवायचा. झिजला की बदलायचा, खालचं लेदर तसंच राहतं.

वेल्डिंगच्या दिवशी पँट बुटावरून बाहेर सोडा आणि नाडीवर लेदरची झडप घ्या. नायलॉनची नाडी आणि टाक्यांचा दोरा ठिणगीने वितळतो, लेदर मात्र राहतं.

४-५ वर्षांचं म्हणाल तर कूलंटमध्ये रोज १० तास, एकाच जोडीकडून ती अपेक्षा धरू नका. नायट्राइलचे दोन जोड आलटून पालटून घाला. दोन्ही मिळून तीन वर्षं गेली तर बूट चांगले निघाले असं समजा.