घरी स्तनतपासणी: दाब किती द्यायचा, आणि खाली लागणारी कडक कड म्हणजे गाठ का?

सोनचाफा:
वय ३८, पाळी नियमित. अंघोळीच्या वेळी चाचपून पाहते, पण सगळीकडेच गाठीगाठी लागतात आणि पाळीच्या आधी तर हातही लावू देववत नाही. तपासायचं नेमकं कधी? बोटं कशी फिरवायची, किती दाबायचं? दोन्ही स्तनांच्या खालच्या बाजूला एक कडक कड लागते, ती काय?

रेवती:
आधी कडेचं. दोन्हीकडे सारखी, कमानीसारखी असेल तर ती स्तनाच्या खालच्या घडीतली नेहमीची घट्ट जागा. एकाच बाजूला जाड झाली, तर मात्र दाखवा.

दिवस: पाळी सुरू झाल्यापासून सातवा ते दहावा. पाळीआधी हार्मोन्समुळे स्तन सुजतात, दुखतात, म्हणून तेव्हाची चाचपणी फसवते. पाळी गेलेल्या बायकांनी महिन्याची एक तारीख ठरवावी.

अंघोळीत साबणाने बोट छान सरकतं, पण स्तन मोठे असतील तर उभ्याने नीट कळत नाही. उताणं झोपा. उजवा स्तन तपासताना उजव्या खांद्याखाली टॉवेलची घडी आणि उजवा हात डोक्यामागे, म्हणजे स्तन छातीवर पसरून पातळ होतो. डाव्या हाताची मधली तीन बोटं वापरा. टोकं टोचू नका, पेरांचा मऊ भाग टेकवा. चिमटीत धरलं की कुठलाही स्तन गाठीसारखाच लागतो. बहुतेकींची गफलत इथेच होते.

रुपयाच्या नाण्याएवढं वर्तुळ, एकाच जागी तीनदा: अगदी हलकं (कातडीलगत), मध्यम, मग बरगडी जाणवेपर्यंत. बोटं न उचलता पुढे सरका. काखेच्या बाजूने सुरू करून उभ्या पट्ट्यांत खाली-वर जात छातीच्या मधल्या हाडापर्यंत या. वर गळ्याजवळच्या हाडापर्यंत, खाली ब्रेसियरच्या पट्टीपर्यंत. स्तनाग्राखालची जागा सोडू नका. घाई केली तर खोलचा दाब हमखास राहून जातो.

काखेसाठी उठून बसा आणि हात थोडासाच उचला. पूर्ण वर केला की काख ताणली जाते आणि गाठ लपते.

अनघा:
चाचपण्याआधी आरसा, कमरेवरचे कपडे काढून, पुरेशा उजेडात. हात खाली, मग डोक्यावर, मग कमरेवर दाबून धरलेले. तिसऱ्या स्थितीत छातीचा स्नायू आवळतो आणि आतून ओढली गेलेली कातडी खळीसारखी दिसते. संत्र्याच्या सालीसारखी कातडी, नव्याने आत गेलेलं स्तनाग्र, त्यावर बरी न होणारी खपली, हे सगळं दाखवण्यासारखं. स्तनाग्र पिळू नका. पिळल्यावर थोडा स्राव अनेकींना येतो. आपोआप, एकाच बाजूने, रक्ताळ किंवा पाण्यासारखा आला तर थांबू नका.

मीनल:
एक गोष्ट स्पष्ट हवी. शांघायमध्ये अडीच लाखांहून अधिक स्त्रियांवर झालेल्या चाचणीत (निष्कर्ष २००२) स्वतः तपासायला शिकवल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी (तुकडा काढून तपासणं) मात्र वाढल्या. उलट मुंबईत टाटा मेमोरियलने वस्त्यांमध्ये प्रशिक्षित आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी तपासणी करवली, तेव्हा पन्नाशीपुढच्या स्त्रियांमध्ये स्तनकर्करोगाचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले (२०२१). म्हणून घरची तपासणी स्वतःचा स्तन ओळखण्यासाठी ठेवा, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांकडची टाळू नका. सरकारी आरोग्य केंद्रांतही तिशीपुढच्या स्त्रियांसाठी तपासणीची सोय असते.

सोनचाफा:
आणि खरंच वेगळी गाठ लागली तर? दुखत नसेल तर थोडं थांबलं तर चालेल ना?

रेवती:
नाही, ताई. कर्करोगाची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. आजूबाजूपेक्षा वेगळी, पुढची पाळी होऊनही तशीच राहणारी गाठ सर्जनला दाखवाच. कडक आणि न हलणारी असेल तर पुढच्या पाळीचीही वाट नको. बोटाखालून निसटणारी, गुळगुळीत गाठ तरुणपणी बहुधा फायब्रोॲडेनोमा (कर्करोग नसलेली साधी गाठ) असते, पण तो निर्णय घरी घेऊ नका.

तिथे हाताने तपासणी, तुमच्या वयात मॅमोग्राफी (स्तनाचा एक्स-रे) आणि सोनोग्राफी, आणि गरज पडल्यास सुईने बायोप्सी होते. सुई लावल्याने कर्करोग पसरतो ही भीती निराधार आहे. आणि मॅमोग्राफी नॉर्मल आली तरी हाताला गाठ लागत असेल, तर तिथेच थांबू नका. घट्ट स्तनात गाठ फिल्मवर दिसत नाही असं होतं. बायोप्सीबद्दल स्पष्ट विचारा.