शहरं बिघडली, गावं तशीच राहिली?

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत गुन्हेगारी फक्त शहरात वाढली आणि खेडी होती तशीच शांत राहिली, असं म्हणतात ते मला अर्धंच पटलं. शहरांचं खरंच आहे, १९६० ला देशात लाखामागे साधारण ५ खून व्हायचे ते १९८० ला १० च्या वर गेले, आणि न्यूयॉर्कमध्ये तर एकट्या १९९० साली २२०० हून जास्त. डेट्रॉईटसारख्या ठिकाणी कारखाने गेले, पैसेवाले गोरे उपनगरात पळाले, टॅक्स आटला, मग मागे राहिलेल्यांनी करायचं काय! पण गावाकडेही आकडे चढलेच की, फक्त सुरुवात खालून होती म्हणून डोळ्यात भरले नाहीत. त्यात गावात शेरीफ (तिथला पोलीसप्रमुख) सगळ्यांच्या ओळखीचा, नवऱ्याने बायकोला मारलं तर कंप्लेंट कोण करणार, म्हणजे ते एफबीआयच्या (पोलिसांत नोंदलेले गुन्हे मोजणारी केंद्रीय तपास संस्था) आकड्यात येणारच नाही.

आणि गंमत म्हणजे (गंमत कसली म्हणा) नव्वदीनंतर न्यूयॉर्क सुधारत गेलं, २०१७ ला खून ३०० च्या आत, आणि त्याच काळात मिझुरी-आयोवा या राज्यांच्या खेड्यांत घरोघरी मेथ (एक नशेचं रसायन) शिजायला लागलं.