फेथियेची संध्याकाळ ते पहाट: खाल्लं, प्यायलं, जागलं, सगळं लिहा

सप्टेंबरात तुर्कस्तानच्या नैऋत्य किनाऱ्यावरच्या फेथियेला आठ दिवस राहून आलो. बोटी, निळं पाणी, डोंगरात कोरलेली लिशियन थडगी यावर सगळेच लिहितात. मला तिथल्या संध्याकाळींबद्दल वाचायचंय. म्हणून हा धागा.

सुरुवात मीच करते. पहिल्या दिवशी सवयीप्रमाणे साडेसातला जेवायला बसलो, साडेआठला पानावरून उठायच्या तयारीत. वेटरला 'हेसाप' म्हटलं (हो, आपला हिशेबच तो), तर त्याने काळजीने विचारलं, जेवण आवडलं नाही का? शेजारच्या टेबलावर आजी-आजोबांपासून तान्ह्या बाळापर्यंत नऊ जण नुकतेच येऊन बसले होते. आम्ही हॉटेलवर जाऊन, पत्ते खेळून, कंटाळून अकराला परत फिरायला आलो तर ते नऊच्या नऊ तिथेच. बाळ आजीच्या खांद्यावर झोपलेलं, आणि ताटल्या अजून येतच होत्या. इथली 'नाइटलाइफ' म्हणजे नाच की जेवण, हे मला शेवटपर्यंत नीट ठरवता आलं नाही.

मालवणी बांगडा:
गावातली मासळीबाजाराची जागा कोणी चुकवू नका. मधोमध मासेवाले, चारी बाजूंनी खानावळी. मासा मधून घ्यायचा, साफ करून घ्यायचा आणि हव्या त्या खानावळीत द्यायचा. ते माणशी ठरावीक पैसे घेऊन भाजून देतात, सोबत सॅलड आणि लसणीचा पाव. दर आधी विचारा, मासा हातात घेऊन उभं राहिल्यावर घासाघीस जमत नाही.

लेव्हरेक आणि चिपुरा सगळीकडे दिसतात, पण ते बरेचदा मत्स्यशेतीतले असतात. हा मूला (Muğla) प्रांत त्यासाठी प्रसिद्ध आहे. मी लागोस घेतला, तो आपल्या गोबऱ्याचा भाऊबंद. त्यांनी मीठ, तेल, लिंबू लावून भाजला. बस्स. बायकोने पर्समधून मसाल्याची डबी काढली तेव्हा मला जमिनीत जावंसं वाटलं. वेटर ती डबी आत घेऊन गेला आणि दोन मिनिटांनी खुद्द आचारी बाहेर. वास घेतला, ठसका लागला, हसला आणि चिमूटभर मागून घेतला. आमच्या माशाला मात्र लावला नाही. खरं सांगतो, बरं केलं. त्या माशाला गरज नव्हती. (हे बायको वाचत नाही.)

टेबलाखाली मांजरं असतात. डोकं आणि काटे त्यांचे, हा अलिखित करार.

खवट फुटाणा:
राकीवर कोणी बोलत नाही म्हणून मीच बोलतो. द्राक्षांची दारू, त्यात बडीशेपेच्या जातीच्या अ‍ॅनिसचा अर्क, ताकद साधारण 45 टक्के. पाणी घातलं की दुधासारखी पांढरी होते, म्हणून लाडाचं नाव 'सिंहाचं दूध'. मी ग्लासात आधी बर्फ टाकला. शेजारच्या टेबलावरचे सत्तरीचे गृहस्थ उठून आले, माझा ग्लास बाजूला केला, नवा मागवला आणि शिकवलं: आधी राकी, मग पाणी, बर्फ सगळ्यात शेवटी. भाषा एकमेकांची शून्य. मी त्यांना 'अबी' म्हटलं, म्हणजे दादा. ते खूश.

चखण्याच्या बाबतीत मात्र आपली मान खाली जाते. आपण चकली आणि शेंगदाण्यावर भागवतो. इथे आधी पांढरं चीज आणि खरबुजाच्या फोडी, मग मोठ्या ट्रेमधून मेझे येतात: घट्ट दह्याची हायदारी, भाजलेलं वांगं, समुद्रकाठच्या खारट हिरव्या काड्या लसूण घालून, गार ऑक्टोपस. तुम्ही बोट दाखवायचं. बोट जपून दाखवा, प्रत्येक वाटीचे पैसे लागतात. एक दिलासा: भिंतीवर ज्यांचा फोटो असतो त्या अतातुर्कांचा, म्हणजे आधुनिक तुर्कस्तानच्या संस्थापकांचा, आवडता चखणा 'लेबलेबी', म्हणजे चक्क फुटाणे.

वरणभात:
सासूबाई बरोबर, चातुर्मास चालू, कांदा-लसूण बंद. हसू नका.

मांसाशिवाय खूप मिळतं. ऑलिव्ह तेलात शिजवून गार वाढलेल्या भाज्यांचा तर वेगळा वर्गच असतो: फरसबी, राजम्याच्या जातीचं बारबुन्या, द्राक्षाच्या पानातला भात. चीज किंवा पालक भरलेली गोझ्लेमे म्हणजे आपल्या पातळ पराठ्याची बहीण, बायका समोर लाटून देतात. 'चिकोफ्ते' हे नाव कच्च्या मांसाचं असलं तरी दुकानांत मिळतं ते दलियाचं, बिनमांसाचं. पण एक लक्षात ठेवा. 'एत योक', म्हणजे मांस नाही, एवढ्यावर थांबलात तर कोंबडी येऊ शकते. बऱ्याच जणांच्या हिशेबी कोंबडी 'एत' नाही. मसूरच्या सूपमध्येही हाडांचं पाणी असू शकतं, विचारून घ्या.

खरी पंचाईत लसणीची. 'सारम्साक योक' हे मी आठ दिवसांत इतक्या वेळा म्हटलं की शेवटच्या दिवशी वेटरच आम्हाला पाहून म्हणाला, सारम्साक योक! सासूबाईंचा जीव खरा रमला तो न्याहारीत. मध आणि साय एकत्र. 'ही साय आपल्याकडे लोण्यासाठी साठवतो ना, इथे पाहुण्याला देतात,' असं त्यांनी दोन्ही लेकींना फोन करून सांगितलं.

लेस्टरची मावशी:
आम्ही इंग्लंडहून थेट दालामानच्या विमानतळावर उतरतो, दर दुसऱ्या वर्षी. तरुण पोरांना धांगडधिंगा हवा असेल तर फेथिये गावात नाही, डोंगरावरच्या हिसारोन्यूला पाठवा. तिथे कॅरिओके, फुटबॉलचे पडदे, बीन्स-सॉसेजची न्याहारी, पाट्यांवर पौंड. माझा भाचा तीन रात्री तिथे नाचला आणि तुर्कस्तान छान आहे म्हणाला. मी म्हटलं, बाळा, तू अजून तुर्कस्तानात आलायस कुठे?

एकटी:
गावात बारची गल्ली आहे ती पास्पातूर या जुन्या बाजारात. 1957 च्या भूकंपात बरंचसं गाव पडलं, हा भाग राहिला. दिवसा गालिचे आणि मसाले, रात्री तिथेच टेबलं आणि गिटार. मी एकटी बाई, दोन रात्री साडेबारापर्यंत बसले. दारातले बोलावणारे फार गोड बोलतात, पण हसून 'योक' म्हटलं की पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळतात. एकदाच जरा जास्त चिकटला एक, तेव्हा शेजारच्या दागिन्यांच्या दुकानातल्या बाईने त्याला झापलं आणि मला स्टूल देऊन चहा पाजला. तिला मी 'अब्ला' म्हटलं, ताई. मग कॉफी आली, कप उलटा करून तिने माझं भविष्यही सांगितलं. लांबचा प्रवास आहे म्हणे. मी परतीचं तिकीट दाखवलं.

मालवणी बांगडा:
@एकटी, ह्यां भविष्य माकाय सांगूक येता!

पै-पैचा:
बंदराजवळच्या एका ठिकाणी (नाव लिहीत नाही) मेन्यूवर माशाच्या पुढे किंमतच नव्हती. 'ताजा आहे, वजनावर आहे' एवढंच. मी भिडस्त, विचारलं नाही. शिवाय न मागितलेल्या पाव आणि पाण्याचे 'कुव्हेर' म्हणून वेगळे पैसे लावले होते. त्या रात्री बायको बोलली नाही, जे माझ्या मते बिलापेक्षा महाग पडलं. दर जुन्या ब्लॉगमध्ये वाचून जाऊ नका. ऑक्टोबर 2022 मध्ये तिथली महागाई सरकारी आकड्यानेच 85 टक्क्यांच्या वर होती. मेन्यूवर किमतीच्या जागी चिकटपट्ट्यांचे थर दिसतात.

खवट फुटाणा:
भर घालतो. दुकानांतून दारू रात्री 10 ते सकाळी 6 मिळत नाही, 2013 पासूनचा कायदा. बारमध्ये मिळते. आणि स्वस्तातली सुट्टी राकी घेऊ नका, कर जबर असल्याने बनावट माल निघतो आणि मिथेनॉलने माणसं गेलेली आहेत.

शुद्धलेखन:
उच्चार फेथिये नसून फेत्-हिये असा आहे.

मालवणी बांगडा:
आला!

निशाचर:
सगळे झोपल्यावरचं मी सांगतो. दीड वाजता कोपऱ्यावर ट्रे घेतलेला माणूस उभा असतो, त्यात शिंपल्यांचा डोंगर. मिदिये दोल्मा, म्हणजे मसालेभात भरलेले शिणाणे. तो उघडतो, लिंबू पिळतो, हातात देतो. तुम्ही खाता, तो पुढचा देतो. थांबवायचं असेल तर 'येतेर' म्हणावं लागतं आणि मला तो शब्द माहीत नव्हता. शेवटी त्याने रिकाम्या शिंपल्या मोजल्या. सव्वीस.

तिथून मित्र सूपच्या दुकानात घेऊन गेला. पिऊन झाल्यावर तिथे इश्केम्बे घेतात, वर लसूण-व्हिनेगर ओतून. एक चमचा तोंडात गेला आणि मी थांबलो. ही तर वजडी! आमच्या परळच्या चाळीत रविवारी बाबा करायचे ती, फक्त पांढरी आणि बिनतिखटाची. मित्राला सांगितलं, त्याला पटेना. बाबांना व्हिडिओ कॉल लावला, भारतात तेव्हा पहाटेचे पाच वाजत होते. त्यांनी वाटीत नीट डोकावून पाहिलं आणि म्हणाले, 'नीट धुतलीय. पण मिरची?'