हळद पॉलिशच्या ड्रमचा शाफ्ट चावीच्या खाचेतून तुटला

तासगावकर_हळद: नमस्कार मंडळी. हळद पॉलिशचा ड्रम आहे. 3 एचपी मोटर, गिअरबॉक्स, पुढं चेन. ड्रमचे मिनिटाला 30 फेरे. शाफ्ट 40 मिमी, ईएन-8 (मध्यम कार्बनचं साधं पोलाद). ऐन हंगामात चेनच्या चक्राखालीच, चावीच्या खाचेतून (चक्र शाफ्टवर नुसतं फिरू नये म्हणून चावी बसते ती खाच) तुटला. तुटलेलं तोंड निम्मं घासून गुळगुळीत झालंय, उरलेलं खरबरीत. कुणी म्हणतं गाभा कच्चा होता, कुणी म्हणतं ईएन-24 (जास्त ताकदीचं मिश्र पोलाद) घाला. शाफ्टमधून जोर पुढं जातो तरी कसा?

कुपवाड_लेथवाला: दादा, गाभ्याला दोष देऊ नका. शाफ्ट म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या पातळ चकत्या समजा. चेनकडची चकती पुढं ओढते, ड्रमकडची अडवते, आणि मधली प्रत्येक चकती शेजारणीला जराशी सरकवत सोबत नेते. शाफ्ट थोडा पिळल्याशिवाय टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर, पुढं जातच नाही. हे सरकणं मधोमध शून्य असतं आणि बाहेरच्या कातडीवर सगळ्यात जास्त. निम्म्या व्यासाचं भोक आरपार पाडलं तर वजन 25 टक्के घटतं, पिळाची ताकद मात्र जेमतेम 6 टक्के. आणि चावीची खाच आपण पाडतो ती नेमकी त्या कातडीतच!

तुमचा हिशोब केला. 3 एचपी आणि 30 फेरे म्हणजे साधारण 700 न्यूटन-मीटर. 40 मिमीच्या शाफ्टवर कातडीला सुमारे 56 मेगापास्कल ताण येतो. खाच असली की 40 मेगापास्कलच्या आसपास थांबावं असं मी मानतो. मोटर चालू करताना झटका बसतो तो वेगळाच.

गुळगुळीत भाग म्हणजे चीर बरेच दिवस वाढत होती, तिची दोन तोंडं एकमेकांवर घासत होती. खरबरीत भाग शेवटी एकदम तुटला. चेनची ओढ शाफ्टला वाकवते, त्यामुळं फिरताना दर फेऱ्याला कातडी एकदा ताणली जाते, एकदा दाबली जाते. खाचेचा तळकोपरा काटकोनी, धारदार असला की चीर तिथूनच सुरू होते. तुटलेला तुकडा उजेडात धरून तो कोपरा बघा.

मेकॅनिकल_तिसरं_वर्ष: काका, ईएन-24 घातलं तर पीळ कमी होईल ना?

कुपवाड_लेथवाला: नाही बाळा. सगळ्या पोलादांचा पिळाला अडवणारा ताठपणा (शिअर मॉड्युलस) जवळपास सारखाच, 80 गिगापास्कलच्या आसपास. ह्यांचा शाफ्ट मीटरला 2 अंश पिळतो, ईएन-24 चाही तेवढाच पिळेल. हार्डनिंग-टेंपरिंग (तापवून, विझवून पुन्हा थोडं तापवणं) नीट केलं तर ताकद वाढते, पण धारदार खाच त्याला जास्त बोचते. त्यापेक्षा व्यास वाढवा. ताण व्यासाच्या घनात उतरतो: 45 केला की 56 चे 39 होतात. पीळ चौथ्या घातात उतरतो, तो सव्वा अंशावर येतो.

तासगावकर_हळद: काका, चेनच्या चक्राचं भोक 40 चं आहे. आणि बेअरिंग?

कुपवाड_लेथवाला: चक्राचा हब (भोकाभोवतीचा मधला भाग) जाड असेल तर लेथवर 45 करून घ्या, पण खाचेवर किती माल उरतो ते आधी मोजा. हब बारीक असेल तर चक्र नवीन घ्या, तिथं काटकसर नको. ब्लॉक बेअरिंग यूसीपी 208 (40 मिमी भोकाचं) असेल, ते 209 (45 चं) लागेल. पायाची उंची बदलते, म्हणून दोन्ही बाजू एकदमच बदला. खाच पाडणाऱ्याला तळाच्या कोपऱ्यात गोलाई ठेवायला सांगा, आणि चक्र बेअरिंगच्या जितकं जवळ बसेल तितकं बसवा.